पावणेदोन हातांचं बाकडं

सिमेंटच्या बारा पोत्यांचं परमिट हातात पडलं त्या दिवशी तुळसाबाईने देवापुढे साखर ठेवली, आणि तिथेच ती चुकली. देवाला कळवण्याआधी नवऱ्याला विचारायला हवं होतं, की ही पोती तुम्ही नेमकी घालणार कशात.

१९७९ साल होतं. सिमेंट ही तेव्हा दुकानात जाऊन आणायची वस्तू नव्हती. अर्ज करायचा, सहा महिने चपला झिजवायच्या, साहेबाची सही व्हायची आणि मग ते परमिट मिळायचं. तिच्या नवऱ्याने, धोंडबाने, वीस पोती मागितली होती, बारा मिळाली. कळमन्याच्या रस्त्याला नव्या लेआउटात त्यांनी विटामातीचं तीन खोल्यांचं घर उभं केलं होतं. छपरावर कवेलू चढले होते, दारं बसली होती. राहिला होता फक्त स्वयंपाकघरातला ओटा. तो तुळसाबाईला कबूल केलेला होता, आणि तोही साक्षीदारासमोर.

साक्षीदार म्हणजे डॉक्टर. तुळसाबाईचे गुडघे कामातून गेले होते. लग्न होऊन कोष्ट्याच्या घरात आल्यापासून तीस वर्षं ती जमिनीवरच्या चुलीपुढे बसून रांधत होती, आणि नवऱ्याचा माग होता तोवर रांधून झालं की बसूनच मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. डॉक्टरने गुडघा दाबून पाहिला तेव्हा ती अशी ओरडली की बाहेरचे दोन पेशंट उठून घरी गेले. ‘‘यांना उभ्यानं स्वयंपाक करू द्या,’’ डॉक्टर म्हणाला. धोंडबाने लगेच मान डोलावली. ‘‘नव्या घरात ओटा करून देतो ना जी. एवढंच काय!’’

डोलावायला मानेला काय लागतं?

माग विकून धोंडबाला आठ वर्षं झाली होती. आता तो विणकरांच्या सोसायटीच्या सदर भागातल्या दुकानात लुगडी आणि धोतरं मोजून देत असे. तिथेच एकदा रद्दीच्या गठ्ठ्यात त्याला कुठल्याशा इंग्रजी मासिकाचं एक रंगीत पान सापडलं. इंग्रजीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता, पण चित्र वाचायला इंग्रजी लागत नाही. हिरवंगार गवत, गवतावर बाकडं, वर छत्री, आणि बाकड्यावर एक गोरा माणूस सरबताचा गिलास धरून असा बसलेला, जसं काही त्याला जन्मात दुसरं काम नाही. धोंडबाने ते पान घरी आणून बैठकीच्या भिंतीला खिळ्याने ठोकलं.

दुसऱ्या दिवशी झाडताना तुळसाबाईच्या लक्षात आलं की पानाच्या मागच्या बाजूलाही चित्र आहे. तिथे एक बाई स्वयंपाकघरात ओट्यापाशी ताठ उभी राहून हसत हसत काहीतरी कापत होती. तुळसाबाईने पान काढलं, उलटवलं आणि पुन्हा ठोकलं. संध्याकाळी धोंडबा आला, त्याने पान परत सुलटं केलं. सकाळी बाई, संध्याकाळी बाग, असं आठवडाभर चाललं. शेवटी खिळ्याचं भोक एवढं मोठं झालं की पान गळून पडलं. ते धोंडबाने उचलून खिशात घातलं, आणि ज्याच्या खिशात पान त्याच्या बाजूने निकाल लागला.

पोती अंगणात उतरली तेव्हा तुळसाबाई कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

‘‘काहून जी, पोते अंगनात काहून उतरवून राहिले? ओटा त आत हाय.’’

‘‘अगोदर बाहेरचं होऊ दे वं. चेअरमनसाहेब जेवाले येऊन राहिले, तिसऱ्या अईतवारी. मानूस घरात पाय टाकाच्या आधी काय पायते? अंगन पायते.’’

‘‘आन् ओटा?’’

‘‘बारा पोते हायेत ना. बाकड्याले लागून लागून लागन किती?’’

चेअरमन म्हणजे सोसायटीचे बाबनराव. धरमपेठेत त्यांचा बंगला, बंगल्यापुढे बाग, बागेत सिमेंटचं बाकडं आणि बाकड्यावर सिमेंटचीच छत्री, पावसाळ्यात उकिरड्यावर उगवते तशी. धोंडबा एकदा लुगड्यांचा गठ्ठा घेऊन तिथे गेला होता. बाबनराव बाकड्यावर बसून नग मोजून घेत होते आणि धोंडबा तासभर समोर उभा होता. ‘बस’ असं कुणी म्हणालं नाही. हे त्याने घरी येऊन सांगितलं नव्हतं. पण त्या रात्री तो दोन घास कमी जेवला होता, आणि तुळसाबाईला घासांचा हिशेब कळायचा. त्याचा हट्ट कुठून आला हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिला त्याची कीवही येई, आणि गुडघा ठणकला की तीच कीव चुलीत घालावीशी वाटे.

गवंडी होता रुपराव. आयुष्यभर त्याने सरळ भिंती बांधल्या होत्या, आणि आता या वयात त्याला कला दाखवायची संधी मिळाली. बाकड्याचे पाय झाडाच्या बुंध्यासारखे हवेत असं ठरलं. मग बुंध्याला साल हवी, सालीला भेगा हव्यात, एका पायावर खार हवी. खार घुशीसारखी झाली, ती फोडून पुन्हा केली, आणि मग ती मांजरासारखी झाली तेव्हा राहू दिली. एकट्या छत्रीने पाच पोती खाल्ली. तुळसाबाई रोज सकाळी पोती मोजायची. सात राहिली, पाच राहिली, तीन राहिली.

उंचीवरून मात्र रुपरावने एकदा शंका काढलीच. ‘‘दादा, पावनेदोन हात म्हन्ता, थे उंच नाही होनार काय?’’

‘‘चाळीस वर्सं पाय सोडून बसलो मी, बाप्पा. चाळीस वर्सं!’’ धोंडबा कडाडला. ‘‘आन् तू मले बसनं शिकवून राहिला काय गा?’’

गवंड्याचं काय जातं? मालक म्हणेल तर तो ताडावर बाकडं बांधेल. बांधलं.

बाराव्या पोत्याचा शेवटचा घमेलंभर माल संपला तेव्हा वर फुटक्या कपबशांचे तुकडे बसवून बाकडं गुळगुळीत झालं होतं, आणि ओट्याच्या नावाने स्वयंपाकघरात खडूने ओढलेली एक रेघ होती. त्यावर बाकड्याला आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम कुणाकडे आलं? तुळसाबाईकडे. विहिरीवरून एकेक बादली आणताना ती त्या छत्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. शेजारच्या अंजनाबाईने कुंपणावरून विचारलं, ‘‘काय वं तुळसाबाई, मंदिर बांधून राहिले काय?’’ तर ती म्हणाली, ‘‘हो ना. देव यायचा हाय धरमपेठेतून.’’

शनिवारी छत्रीखाली आधाराला लावलेल्या फळ्या निघाल्या. धोंडबा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बसायला आला. आधी पाठ टेकवून पाहिली, मग एक पाय उचलून पाहिला, मग विहिरीजवळचा दगड लोटत आणला आणि त्यावर चढून बसला. बसला तर खरा, पण पाय अधांतरी. दोन्ही टाचा जमिनीपासून वीतभर वर. त्याने पाय हलवून जमीन शोधली. नव्हती.

‘‘रुपरावनं घोटाळा केला,’’ तो म्हणाला.

तुळसाबाईला मात्र एका क्षणात सगळा उलगडा झाला. मागाचा खड्डा तिने बावीस वर्षं झाडला होता. विणकर जमिनीच्या काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो. खड्डा बरोबर पावणेदोन हात खोल. ‘बसायची उंची’ म्हटल्यावर धोंडबाच्या अंगाला तेवढंच माप ठाऊक. पण खड्ड्यात विणकराचे पाय तळाला लागतात कधी? ते असतात मागाच्या पायपट्ट्यांवर, तळापासून वीतभर वर. नवऱ्याने खड्डा जसाच्या तसा बाहेर काढून अंगणात ठेवला होता, आणि पट्ट्या विसरला होता.

‘‘रुपराव काय करन? खड्ड्याचं माप देल्लं तुम्ही. पट्ट्या लावा आता खाली,’’ ती म्हणाली आणि आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसली. हसता हसता तिला रडू आलं. बारा पोती गेली होती. आत खडूची रेघ होती आणि तिचे गुडघे होते.

रविवारी सकाळी धोंडबा चेअरमनला आणायला रिक्षा घेऊन गेला. तुळसाबाई मटणाला फोडणी द्यायला चुलीपुढे बसली. मसाला वाटून झाला होता, भाकरीचं पीठ परातीत काढलं होतं. लाकूड ओलं निघालं. मीठ फळीवर राहिलं म्हणून ती उठायला गेली, तर उजवा गुडघा उघडेचना. भिंत धरून, चौकट धरून, देवाचं नाव घेऊन आणि नवऱ्याला शिव्या घालून ती कशीबशी उभी राहिली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते धुराचं किती आणि दुखण्याचं किती, तिचं तिला माहीत. श्वास घ्यायला ती तशीच अंगणात आली आणि आधाराला तिने बाकड्यावर दोन्ही हात टेकले.

हात सरळ टेकले. पाठ वाकली नाही. ती तशीच उभी राहिली. मग भिंत धरत आतून पिठाची परात आणून तिने बाकड्यावर ठेवून पाहिली. परात बरोबर कमरेच्या वर, पीठ मळायला जशी हवी तशी.

‘‘अंजनाबाई!’’ तिने अशी हाक मारली की अंजनाबाई लाटणं हातात घेऊनच धावत आली. ‘‘माझी लग्नकार्याची मातीची चूल उचलू लाग वं. हो, इथंच. बाकड्यावर.’’

‘‘पाहुनं येऊन राहिले आन्…’’

‘‘येऊ दे ना! पाहुन्याले जेवाले पाहिजे का बाकडं पाहिजे?’’

अर्ध्या तासात चूल मांडली, तेलाची बरणी आली, मसाल्याचा डबा आला, आणि सिमेंटच्या मांजरावर साणशी अडकवली गेली. धूर छत्रीला वळसा घालून वर निघून जाई. वारा होता. रस्त्याने बैलगाड्या चालल्या होत्या, सायकली चालल्या होत्या, आणि तुळसाबाई उभ्याने रस्सा ढवळत सगळं पाहत होती. स्वयंपाक करताना आपण कधी माणसं पाहिली नाहीत, हे तिला तेव्हा कळलं. तिला इतकं बरं वाटलं की मिठाचा अंदाजही चुकला नाही.

रिक्षा थांबली. धोंडबाने आधी छत्री पाहिली, मग छत्रीखालचं पातेलं पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. पण बाबनराव खाली उतरले ते नाक वर करूनच. वास फाटकापर्यंत आला होता.

‘‘वा गा धोंडबा! बाहेरच स्वयंपाकघर काढलं तू? ना धूर, ना गरमी. आमच्या घरी बाई लोक उकडून राहिल्या. कोनाची आयड्या हे?’’

धोंडबाने टोपी सरळ केली.

‘‘माझीच जी,’’ तो म्हणाला. ‘‘उंची पन मीच काढली.’’

तुळसाबाईच्या हातातली पळी पातेल्यात तशीच राहिली. असं वाटलं, की भरून त्याच्या डोक्यावर ओतावी. पण पाहुण्यापुढे तिने ती रश्श्यातच फिरवली.

सतरंजी अंगणातच अंथरली. बाबनराव चार भाकरी आणि तीन वाट्या रस्सा जेवले, कपाळाचा घाम पुसत राहिले, आणि बाकड्यावर बसायचं त्यांनी नावही काढलं नाही. जाताना म्हणाले, ‘‘बाईले घेऊन येतो एक डाव, दाखवाले.’’ रिक्षा वळली. धोंडबा छाती काढून परत आला.

‘‘चाल आता, उचल हे सगळं. बाकडं धुवून काढ. मी बसतो जरासा.’’

‘‘कुठं नेऊ उचलून?’’

‘‘आत ने. पुढच्या परमिटात ओटा करून देतो. तुह्या गळ्याची शप्पथ!’’

‘‘माह्या गळ्याची नोका घेऊ, थो बी दुखून राहिला,’’ तुळसाबाई म्हणाली. तिने परातीतला पिठाचा शेवटचा गोळा उचलला आणि थापायला घेतला. ‘‘मी नाही जात आत. ओटा झाला माझा. तुम्हीच केला, उंची पन तुम्हीच काढली. चेअरमनसाहेबाले सांगतलं ना आता?’’

धोंडबाने रिक्षा गेली त्या रस्त्याकडे पाहिलं. बोललेलं परत घेता येईना.

‘‘मंग म्या बसू कुठं?’’

‘‘आत जागा रिकामी हाय ना, चुलीपुढं. पाट मांडूनच हाय. बसा जाऊन.’’

रागाने पाय आपटत तो आत गेला. पाट सरकल्याचा आवाज आला. भाकर टम्म फुगली, तुळसाबाईने ती उलटली.

‘‘धूर अजून कोंडून हाय वं इथं,’’ आतून आवाज आला. आता त्यात राग नव्हता.

‘‘असन.’’

‘‘आन् समोर नुसती भिंत हाय. इथं बसून त काहीच दिसत नाही.’’

‘‘नाहीच दिसत,’’ तुळसाबाई म्हणाली. ‘‘तीस वर्सं म्या तेच पाहून राहिली होती.’’