चारही दारं बंद

रोपवेवर मिस्त्रींची एकतीस वर्षं गेली होती, आणि एवढ्या काळात दार उघडं असलेला डबा त्यांनी एकदाही सुटू दिला नव्हता. आता दारांवर नजर ठेवायला कॉम्प्युटर आला होता. त्यातला तो भाग लिहिला होता त्यांच्याच लेकीने.

चाचणीच्या सकाळी तिने समजावलं, "बाबा, 'बंद आहे का?' याचं प्रत्येक दाराचा सेन्सर खरं किंवा खोटं असं उत्तर पाठवतो. चार उत्तरांची यादी होते. माझं फंक्शन त्यातलं एकेक उत्तर खरं की खोटं ते बघतं. एक जरी खोटं निघालं, तरी डबा जागचा हलत नाही."

मिस्त्रींनी एक दार उघडलं. लाल दिवा. दुसरं उघडून पाहिलं, तेच. सगळी बंद केल्यावर हिरवा लागला, तसे कंपनीचे साहेब कागद आवरू लागले. मिस्त्रींनी मात्र चारही दारं सताड उघडली आणि सेन्सरच्या पेटीची तार उपटली.

लाल झालेला दिवा पुन्हा हिरवा झाला.

"तार कोण उपटणार आहे, काका?" साहेब म्हणाले.

"उंदीर कुरतडतात ना."

साहेबांना हसू आलं, पण लेकीचा चेहरा उतरला. चारचौघांत आपणच पोरीला तोंडघशी पाडलं, या विचाराने मिस्त्रींना कसंतरीच झालं.

"उत्तरच आलं नाही, म्हणजे यादी रिकामी," ती सावकाश म्हणाली. "रिकाम्या यादीत खोटं काही सापडत नाही, म्हणून फंक्शनने सगळं खरं धरलं. चूक माझी आहे."

"तारेला हात लावू नये अशी पाटी लावू. रविवारी या नव्या यंत्रणेचं उद्घाटन आहे," साहेब म्हणाले.

"पाटीने भागणार नाही, साहेब." ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे वळली. "आणि अजून एक आहे. सेन्सर नादुरुस्त झाला, की तो 'बिघाड' असा शब्द पाठवतो. माझं फंक्शन कुठलाही शब्द आला तरी तो खराच मानतं. म्हणजे तेव्हाही डबा सुटेल."

ही दुसरी चूक कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. ती गप्प बसली असती, तरी चालून गेलं असतं. मिस्त्रींना एकदम खोकल्याचं निमित्त काढून पाठ फिरवावी लागली.

तिने तिथेच स्टुलावर बसून फंक्शन नव्याने लिहिलं: उत्तरं चार म्हणजे चारच हवीत, आणि प्रत्येक नेमकं 'खरं' असायला हवं, शब्द, आकडा, मोकळी जागा, काही चालणार नाही. मग मिस्त्रींनी दोन तास जराही दयामाया दाखवली नाही. तारा उपटल्या, सेन्सर उलटे बसवले, एकाला तर ओला बोळा लावला. दरवेळी दिवा लालच. शेवटी चारही दारं नीट लावली, तेव्हा कुठे हिरवा लागला.

साहेबांनी कागद पुढे केला. "सही करताय ना, काका?"

"आधी तिची घ्या," मिस्त्री म्हणाले. "तिच्या सहीखाली मी करतो."

तिकीट खिडकीतल्या बाईंनी संध्याकाळी विचारलं, लेकीच्या कामात म्हणे दोन चुका निघाल्या?

"हो," मिस्त्री ऐटीत म्हणाले. "मला एकच सापडली. दुसरी तिने स्वतः काढली."