तडा कुठे होता, ड्वाइट?

ड्वाइट पेल्कीला मी तिसरीत शिकवलं. तेव्हाही तो उत्तरं शेजारच्या वहीतूनच उचलायचा.

माझ्या वडिलांनी, एसा ऑर्डवेंनी, अकरा वर्षं खपून १९११ सालची वाफेवरची मोटार पुन्हा चालती केली. तसल्या गाड्या जगात तीनच उरल्यात. व्हरमाँटमधल्या या डोंगरात आमचं मेपलच्या झाडांच्या रसाचं गुऱ्हाळ. रस आटवण्यात जन्म गेलेला, त्यामुळे वाफेचा स्वभाव त्यांना माणसांपेक्षा बरा कळे. ते अंथरुणाला खिळले, तेव्हा जुन्या गाड्यांचा व्यापार करणारा ड्वाइट एका सरकारी तपासनिसाला घेऊन आला.

"एसाकाका, बॉयलरला तडा गेलाय. एखाद्याचा जीव घेईल हो ही!"

वडिलांनी धसका घेतला आणि गाडी भंगाराच्या भावात ड्वाइटलाच देऊन टाकली. आपण अकरा वर्षं लोकांच्या जिवावर उठणारी वस्तू घडवत बसलो, या समजुतीतच ते त्या हिवाळ्यात गेले. वसंतात गाडी ड्वाइटच्या दुकानात काचेमागे उभी राहिली. बॉयलर तोच. तपासनीस म्हणजे ड्वाइटचा मेव्हणा होता, हेही कळलं.

सात वर्षं मी थांबले.

यंदाच्या जत्रेत ड्वाइटने ती गाडी जुन्या मोटारींच्या स्पर्धेत उतरवली. समोर पाटी होती : 'पुनर्बांधणी – ड्वाइट पेल्की'. इथला नियम असा, की मालकाने एकट्याने गाडी चालवत पंचांसमोर आणायची. त्याच्या भाडोत्री मिस्त्रीने जाळ पेटवला, वाफ चढवली आणि तो मैदानाभोवतीच्या दोरीबाहेर गेला. ड्वाइटने टोपी हलवली आणि इंजिनात वाफ सोडायच्या दांड्याला हात घातला.

दोरीला लागूनच मी घडीची खुर्ची टाकून बसले होते. दांडा एकदम ओढला तर काय होईल, ते मला ठाऊक होतं. गप्प बसले असते तर त्याची फजिती आपोआप झाली असती. पण इंजिन वडिलांच्या हातचं होतं.

"ड्वाइट! हात काढ!"

पंचावन्न वर्षांच्या माणसाने हात झटकन मांडीवर ठेवला. लोक हसले.

"इंजिनाचे सिलिंडर गार आहेत. गार लोखंडाला वाफ लागली की काय होतं?"

"बाई, आत्ता नको..."

"गुऱ्हाळाच्या खिडकीवर काय साचायचं?"

"...पाणी."

"शाबास. पाणी दाबलं जातं का?"

"नाही."

"मग दांडा ओढल्यावर काय फुटेल?"

त्याने दोरीबाहेरच्या मिस्त्रीकडे पाहिलं. मुख्य पंच त्या पाटीकडे बघत जवळ आल्या. "पेल्की, इंजिन तुम्हीच बांधलंत ना?"

"शेवटचा प्रश्न," मी म्हणाले. "बॉयलरला तडा कुठे होता, ड्वाइट? माझ्या वडिलांना दाखवला होतास. तोच पंचांना दाखव."

त्याने पंचांकडे पाहिलं. तडा आहे म्हणावं, तर गाडी स्पर्धेतून बाद. नाही म्हणावं, तर सारं गाव ऐकत होतं.

"सोप्पा प्रश्न आहे," मी म्हणाले. "सावकाश सांग. मला घाई नाही."

"नव्हता," तो पुटपुटला.

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

"तडा नव्हताच!"

कुणी हसलं नाही. पंचबाईंनी ती पाटी उचलली आणि उलटी ठेवली.

ड्वाइटने घाम पुसला. "आता तरी सांगा ना, बाई. किती ओढायचा दांडा?"

चाळीस वर्षांत एकाही मुलाला मी उत्तराशिवाय घरी पाठवलं नव्हतं.

"जाळ बंद कर," एवढंच मी सांगितलं.

मग गाडी ढकलायला त्याने माणसं बोलावली. ज्याच्या त्याच्या हातात तळलेला गोड पाव होता आणि कुणालाच तो खाली ठेवायला जागा सापडेना. शेवटी ड्वाइट आणि त्याचा मिस्त्री, दोघंच ढकलायला लागले.

मैदानापासून फाटकापर्यंत चांगला चढ आहे. ते दोघं गाडी घेऊन तो चढेपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही.