दाढेला लावून बघितलेली गिटार

जोतीरामनं गिटारचं टोक दातांत धरलं आणि उजव्या हाताच्या बोटानं सगळ्यात जाड तार ओढून सोडली.

दुकानात तिघंच होते. त्यातले दोघं जागच्या जागी थांबले. दुकानदार लालसाब यांच्या हातात पुसायचं फडकं होतं. जोतीरामची मुलगी सृष्टी हिच्या हातात मोबाईल होता, आणि मोबाईलमध्ये दुसऱ्याच गिटारचा फोटो होता.

जोतीरामनं डोळे मिटले. तारेची थरथर संपेपर्यंत त्यानं दात सोडले नाहीत. मग शर्टाच्या बाहीनं गिटारचं टोक नीट पुसलं आणि ती परत भिंतीवरच्या हुकाला अडकवली.

"ही न्हाय," तो म्हणाला. "फुडची द्या."

लालसाबनी हे दुकान टाकण्याआधी तीस वर्षं बँड चालवला होता. एकदा वरातीतल्या घोड्यानं त्यांची टोपी खाल्ली होती. एकदा नवरदेवच वाद्य घेऊन पळाला होता. पण गिऱ्हाइकानं माल चावून बघितला, असं अजून झालं नव्हतं. त्यांनी दुसरी गिटार काढून दिली, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

सृष्टी बापाच्या समोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, लोक हातानं वाजवून बघतात."

"हातानं काय कळतंय?" जोतीराम म्हणाला. "बेअरिंग गेलंय का बघायचं तर पान्याचं एक टोक बेअरिंगला लावायचं, दुसरं दाढंला. दाढंला सगळं कळतंय."

सव्वीस वर्षं तो टॉवेलच्या कारखान्यात माग चालवत होता, त्यामुळे हे खरं असणार. पण कारखान्यात खरं असलेलं सगळंच विजापूर वेशीतल्या दुकानात करायचं नसतं, असं सृष्टीला वाटलं. मुळात तिला आज बऱ्याच गोष्टी वाटत होत्या. पहिल्या वर्षाला पास झालीस की गिटार, हे बापानं कबूल केलं होतं. ती पास झाली. आज सकाळी तो म्हणाला, चल. तिनं फोटो दाखवला: सहा तारांची, पोकळ लाकडाची, काळसर लाल. मांडीवर घ्यायची आणि गात गात वाजवायची. फोटो बघून त्यानं मान डोलावली होती.

आणि दुकानात आल्यावर तसल्या तेरा गिटारींसमोरून तो सरळ चालत गेला आणि कोपऱ्यातल्या, लांब मानेच्या, चार तारांच्या गिटारींपाशी थांबला.

"पप्पा, ती बास गिटार आहे," तिनं सांगितलं होतं. "गाणाऱ्याच्या कामाची नाही. स्टेजवर मागं एक जण उभा असतो ना, त्याची."

"म्हाईत हाय. त्या विरेशची हुती तसली."

याचाही तिला धक्का बसला होता. फेब्रुवारीत कॉलेजच्या गॅदरिंगला सृष्टी गायली तेव्हा विरेश मागं बास वाजवत होता, हे खरं. पण ते कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर विरेशच्या सख्ख्या आईनं त्याला विचारलं होतं, तू नक्की काय वाजवत होतास?

लालसाब आता थोडे सावरले होते. फडकं खांद्यावर टाकून त्यांनी गिऱ्हाइकाशी बोलायचं ठरवलं. त्यांची मिशी अजून बँडमास्तरचीच होती. वरच्या ओठावर सुरू होऊन ती खालच्या ओठाच्याही खाली संपायची. ते बोलताना तोंड हललेलं दिसत नसे. आवाज आतल्या खोलीतून कुणीतरी देतंय असं वाटायचं.

"वाजवणार कोण, मालक?"

"नीलमनगर," जोतीराम म्हणाला.

लालसाबनी मान डोलावली. "अच्छा. पण शिकायला नवीनच ना?"

"व्हय, अक्कलकोट रोडनंच आलो."

"चाय मागवू?"

"बी.कॉम. दुसरं वर्ष," जोतीराम म्हणाला आणि अभिमानानं सृष्टीकडे हात केला.

सृष्टीला आधी लाज वाटली. मग तिनं बाप कुठं बघतोय ते बघितलं. तो लालसाबच्या मिशीकडे बघत होता. लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचायला जावं आणि पाटीवर चिखल असावा, तसा. आणि प्रश्न दिसत नव्हता म्हणून दुकानदार साधारण जे जे विचारतात त्याची उत्तरं तो ओळीनं देत होता.

ती हळूच चार पावलं मागं गेली. आता तिच्यासमोर बापाची पाठ होती.

"पप्पा."

जोतीराम तिसऱ्या गिटारची खुंटी चाचपत होता.

"पप्पा, मला ही नको."

त्यानं खुंटी पिळून बघितली.

"पप्पा, दुकानाला आग लागलीय."

लालसाब दचकले, आतल्या खोलीत डोकावून आले, वर पंख्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायाखाली. जोतीरामनं तिसऱ्या गिटारचं टोक शांतपणे दातांत धरलं.

त्यांच्या घरात हाक मारायची पद्धत नव्हती. समोर जायचं, खांद्याला हात लावायचा आणि तोंड मोठं करून बोलायचं. पाहुणे आले की आई सांगायची, आमच्या सृष्टीला पाठीमागून ओरडायची सवयच नाही. सृष्टीला ते संस्कार वाटायचे. आजूबाजूच्या घरांतही असंच बोलायचे. सगळी गल्ली कारखान्यात कामाला होती आणि सगळी गल्ली संस्कारी होती.

ती फिरून पुढं आली. बापाच्या खांद्याला हात लावला.

"कधीपासून?"

जोतीरामनं तिच्या तोंडाकडे बघितलं. मग गिटार तोंडातून काढली.

"सगळं गेलेलं न्हाय," तो म्हणाला. "जाड आवाज येतोय. बारीक येत न्हाय."

"कधीपासून?"

"तू सहावीत असशील."

सहावीत सृष्टीनं गाणं सुरू केलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून गायची आणि कामावर जायच्या आधी तो समोर बसायचा, चहाचा कप हातात धरून. गाणं संपलं की म्हणायचा, 'ग्वाड.' बाकी कुणी काहीही म्हटलं तरी त्या एका शब्दावर तिचा दिवस निघायचा.

"मग गोड कसं म्हणायचात?"

"तुजं तोंड बघून."

"आईला माहितीये?"

"तिचा डावा गेलाय. उजवा आर्धा हाय. तीबी त्याच शेडात, मागांच्या खडखडाटात, सुताच्या कांड्या भरती की."

"पण तुम्ही दोघं रोज भांडता."

"समोरासमोर भांडतो," जोतीराम म्हणाला.

सृष्टी मागं न बघता जे होतं त्यावर बसली. तो ढोल होता. त्यानं मोठा आवाज केला. जोतीरामनं लगेच ढोलाकडे बघितलं, आणि त्यानं बघितलं हे तिनं बघितलं.

आठ वर्षं. सुट्टीचे दिवस धरून, रोज सकाळी. निदान शेजाऱ्यांनी तरी ऐकलं असेल, असं तिच्या मनात आलं. मग शेजारी कुठं कामाला जातात ते आठवलं.

"सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

तिनं बंद केलंच असतं.

"घरी बरं पडतंय," जोतीराम म्हणाला. "समोर बसलं की तोंड दिसतंय. गॅदरिंगला माइकामागं तोंडच दिसंना. शेजारच्यांचे हात बघून टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्या की मी. जरा मागं ऱ्हात हुतो."

ते तिनं स्टेजवरूनही ऐकलं होतं. सगळ्या टाळ्या थांबल्यावर एक टाळी उरायची. मैत्रिणीला, अंकिताला, ती म्हणालीसुद्धा होती, माझे पप्पा गाण्यात इतके बुडतात की त्यांना बाहेर यायला वेळ लागतो.

"पर त्या विरेशचं येत हुतं," तो पुढं म्हणाला. "खुर्चीतनं, पायातनं. म्हटलं, हां, गाणं चाललंय. त्यानं हात काढला आनि म्हटलं, संपलं. मंग दुसरं चालू झालं." त्यानं हातातल्या गिटारकडे बघितलं. "म्हनून ही."

लालसाबनी हे सगळं ऐकलं होतं, कारण त्या दुकानात सगळं ऐकू येणारे दोघंच होते. ते पुढं आले. जोतीरामच्या बरोबर समोर उभे राहिले. मग दोन बोटांनी त्यांनी आपली मिशी दारावरचा पडदा धरावा तशी वर उचलून धरली. खाली ओठ होते. फिकट, लहान मुलासारखे. कित्येक वर्षांत ते कुणी बघितले नसावेत.

"वाजवणार कोण?" त्यांनी पहिल्यापासून विचारलं.

"मी," जोतीराम म्हणाला.

सृष्टी ढोलावरून उठली.

"तुम्ही?"

"तू गा. मी वाजवतो. म्हंजी कुटं आलंय ते कळत राहील."

लालसाबनी त्याच्या बोटांकडे बघितलं. दोन बोटं शेवटच्या सांध्यापाशी वाकडी होती.

"शिकायला वेळ लागतो, मालक," ते मिशी न सोडता म्हणाले.

"चार माग चालीवतो मी एका टायमाला," जोतीराम म्हणाला. "हिला चारच तारा हायत."

लालसाब गिटारचा आवाज मोठा करणारे अँप दाखवायला वळले. तीन होते. पहिला टिफिनच्या डब्याएवढा.

"हा शिकणाऱ्यांसाठी. एका खोलीपुरता. शेजारी तक्रार करत नाहीत."

"शेजाऱ्यांचं काय न्हाय आमच्या," जोतीराम म्हणाला. लालसाबनी वायर लावल्यावर त्यानं तारेला बोट लावून अँपवर तळवा ठेवला. "हा रिकामा हाय."

दुसऱ्यावरही त्यानं तळवा ठेवला, मग कोपर ठेवून बघितलं. मान हलवली. तिसरा कोपऱ्यात होता, गुडघ्याएवढा उंच. त्याच्यावर लालसाबनी गणपतीपासून प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली होती. जोतीरामनं कुंडी खाली ठेवली आणि अँपवर बसला.

"त्याच्यावर बसायचं नसतं," लालसाब मिशी उचलून म्हणाले.

"मंग कुटं बसायचं?"

लालसाबनी विचार केला. मग निमूटपणे वायर जोडली.

तिसरी गिटार जोतीरामला पसंत पडली होती, ती काळी, एका बाजूला रंग उडालेली. त्यानं ती मांडीवर घेतली आणि जाड तार ओढली. काउंटरची काच थरथरली. तो बसल्या जागी किंचित सरळ झाला. परत ओढली. परत. एकसारखी, पुढं नाही मागं नाही, मागातला धोटा फिरतो तशी. लालसाबचा पाय आपोआप हलायला लागला. तीस वर्षांत त्यांच्या बँडमध्ये इतका पक्का ताल कुणाचाच नव्हता.

मग जोतीराम थांबला. त्यानं आधी तारेकडे बघितलं, मग सृष्टीकडे.

"ह्यात गाणं कुटं हाय?" त्यानं विचारलं.

तार सरळ होती. माग चालला होता. गाणं त्यात कुठंच नव्हतं, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं परत एकदा हलकेच तार ओढून बघितली. सृष्टीनं बापाचा असला चेहरा कधी बघितला नव्हता. तिला तो फक्त चहाच्या कपाच्या वर दिसायचा, गोड म्हणतानाचा.

तिनं मोबाईल खिशात घातला. तिच्या खांद्याच्या मागं, भिंतीवर, फोटोतली गिटार जशीच्या तशी टांगलेली होती.

"द्या इकडं."

ती जड निघाली. मान इतकी लांब की पहिल्या खुणेपर्यंत तिचा हात ताणूनच पोचत होता. पण अंकिताच्या गिटारवर ती सहा महिने काहीबाही वाजवत होती, आणि त्या सहांतल्या जाड चार तारांचीच नावं या चारांना होती, हे तिला ठाऊक होतं. पट्टा गळ्यात अडकवून तिनं दोन-तीन जागा शोधल्या. जोतीराम अँपवरून उठला नाही. तिच्या तोंडाकडे बघत बसला, रोज बसायचा तसा.

सृष्टीनं त्याच्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

समोर तबल्याच्या खोळी लटकत होत्या. तिनं गॅदरिंगचं गाणं धरलं. पहिल्याच ओळीला आवाज फाटला, तो तिनं तसाच पुढं नेला. एका जागी बोट घसरलं आणि तार करकरली. दुसऱ्या कडव्यात ती थांबली, चुकलेली जागा शोधली, परत सुरू केलं. मागं काही हललं नाही. काउंटरची काच तेवढी थरथरत होती. आपल्या गाण्याबरोबर काच थरथरू शकते, हे तिला आजवर माहीत नव्हतं. असलं काही वाजवलंच नव्हतं तिनं.

शेवटची ओळ तिनं आधीची तार वाजत ठेवून गायली, नव्यानं हात न लावता, विरेशनं वाजवताना केलं होतं तसं. मग एकदाच जाड तार ओढली, ती पूर्ण वाजू दिली, आणि तळव्यानं थांबवली.

मागं टाळी वाजली. लगेच. जाड हातांची, एकट्याची.

तिला वाटलं, लालसाबनी सुरुवात केली असेल. ती वळली. लालसाबच्या एका हातात जास्तीच्या वायरचं भेंडोळं होतं आणि दुसऱ्या हातानं त्यांनी अजून मिशी वर धरून ठेवली होती.