काळ्या काचेची कांडी

साळूने पायाने भाता दाबला तशी रॉकेलच्या दिव्याची पिवळी ज्योत निळी होऊन आडवी झाली. तिने हात झटकन मागे घेतला, पाय मात्र थांबवला नाही.

"ह्ये ख्येळनं काय कामाचं?" हंबीरराव, तिचे सासरे, म्हणाले. मिलिटरीतून पेन्शनीत आलेल्या माणसाचा डोळा कोपऱ्यातल्या सिलिंडरवाल्या बर्नरवर होता. "घ्यायचा तर त्यो घिऊ. तोफंवानी आवाज हाय."

गंगाधरपंत हसले. विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी जन्मभर काचेच्या नळ्या फुंकल्या होत्या. आता घराच्या पडवीत ते मणी करायला शिकवत.

"तो शिकणाऱ्याला नको, हंबीरराव. काच कधी ओघळली ते कळायच्या आत मांडीवर पडते. आणि तुमच्या गावी, पलूसला, ऑक्सिजन कोण आणून देणार? सूनबाईंचा पाय बघा, भात्यावर आत्ताच बसलाय."

बसणारच. शिवणयंत्रावर मुरलेला पाय तो. एकाहत्तरच्या लढाईत नवरा, मानसिंग, गेला आणि साळू माजघरात त्या यंत्रापाशीच राहिली. मणी शिकायचं तिनेच काढलं. घरात कुणी नको म्हणालं नाही, याचं तिला अजून नवल वाटत होतं.

काच मात्र हंबीररावांनी घरून आणली होती, मिलिटरी कँटीनच्या रिकाम्या बाटल्या फोडून. साळूने, मणी सुटून यावा म्हणून ओल्या मातीत बुडवलेल्या तारेवर बाटलीची काच कशीबशी गुंडाळली, वर हिरव्या बांगडीच्या काचेचा ठिपका दिला आणि मणी गरम राखेत पुरला. चहा होईपर्यंत राखेत टक् वाजलं. मण्याचे दोन तुकडे झाले होते.

"दोन तऱ्हेच्या काचा निवताना सारख्या आकसत नाहीत," पंत म्हणाले. "सगळी मऊ, लवकर वितळणारी काच घ्या, एकाच भट्टीतली."

"बाटली तर चांगली हुती," हंबीरराव पुटपुटले.

पंतांनी काचेच्या कांड्या मांडल्या. साळूने हिरवी उचलली, पिवळी उचलली.

"काळी आधी घ्या. रॉकेलची काजळी तिच्यात दिसत नाही. शिवाय डोरल्याला काळेच मणी लागतात, खप कायमचा."

साळूचा हात थांबला.

"ती नगं."

"का हो?"

"सवाशिणीच्या गळ्यातलं मनी त्ये," ती ज्योतीकडे बघत म्हणाली. "माज्या हातचं कोन घालंल?"

पंत ओशाळले. आपण काय बोलून गेलो ते त्यांना आता कळलं. त्यांनी काळी कांडी हळूच बाजूला सारली.

हंबीरराव खाकरले. खिशातून गाठ मारलेला रुमाल काढून ते गाठ दाताने सोडवू लागले.

"सकाळधरनं सांगीन म्हनतोय, जमंना. तुज्या आत्याबाईचं डोरल्यातलं मनी फुटल्यात." त्यांनी काळ्या मण्याची एक कपची टेबलावर ठेवली. "नमुना दिलाय तिनं. बाजारातलं नगं म्हनली. साळूच्या हातचंच पायजेत."

मानसिंग गेल्याची खबर आली त्या दिवशी साळूच्या गळ्यातलं डोरलं सासूने, आत्याबाईंनीच उतरवलं होतं, स्वतःच्या हाताने. ते साळूला आठवलं. तिला रडू आलं, आणि सासऱ्यांसमोर पहिल्यांदाच तिने ते आवरलं नाही.

थोड्या वेळाने पदराने डोळे पुसून तिने काळी कांडी ओढून घेतली आणि ती कपचीशेजारी धरून बघितली.

"मनी लय बारीक हाय, मामंजी. वाकडा व्हईल."

"वाकडा झाला तरी घालीन, म्हनलीया."

साळूने भात्यावर पाय ठेवला.