बुटाच्या ठशावर बसलेली सुरय

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने भारी भित्री आहे. मला पापण्या नाहीत. समोर नको ते घडू लागले, तरी डोळे मिटून घेता येत नाहीत.

धुळीचा कण उडू नये म्हणून श्वास रोखून काम करणाऱ्या एका बाईंनी कारखान्यात माझी भिंगे बसवली. पुढे मी समुद्रालगतच्या एका खाऱ्या सरोवरावर आले आणि तिथल्या वनरक्षकाच्या गळ्यात पडले, अगदी शब्दशः. त्यांना सगळे बाबा म्हणत. बाबा मचाणावर बसून माझ्यातून पक्षी मोजत. पर्यटक मला डोळ्यांना लावायला रांग लावत आणि रोहित पक्ष्यांची गुलाबी पिसे पाहून हरखून जात.

बाबा निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी त्यांची मुलगी आली. तिला सगळे ताई म्हणत. तोवर ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले होते. मला कोण विचारणार? मी खणात पडून राहिले. दमट हवेने माझ्या उजव्या भिंगावर बुरशी धरली.

फक्त विणीच्या महिन्यांत ताई मला बाहेर काढायची. सरोवराच्या मधोमध वाळूचे बेट आहे. सुरय पक्षी तिथे उघड्या वाळूतच अंडी घालतात, वाळूच्याच रंगाची. भर उन्हात आई पाण्यात पोट बुडवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. ती फार वेळ उठली, तर अंड्यातला जीव भाजून निघतो. म्हणून बेटाभोवती लाल झेंडे लावलेले असतात.

एका दुपारी माझ्या धड डोळ्यासमोरून एक निळी मोटारबोट ते झेंडे ओलांडून गेली. माणसे बेटावर उतरली. सगळे सुरय एकदम उठले आणि किंचाळत घिरट्या घालू लागले. लोकांनी खुशीत मोबाइल उंचावले. वर घारी जमत होत्या. ताईने मला बोट चालवणाऱ्यावर रोखले. तो तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

ती मला गळ्यात अडकवून होडी वल्हवत निघाली. तिच्या छातीची धडधड माझ्या काचांपर्यंत पोचत होती. बेटाजवळ येताच ती हळू आवाजात म्हणाली, "जिथे आहात तिथेच थांबा. पायाखाली अंडी आहेत."

बारा माणसे जागच्या जागी थिजली. एका बाईंचा पाय तर अधांतरीच राहिला. तो टेकवायची त्यांना हिंमत होईना. मग ताईने एकेकाला त्याच्याच पावलांवर पाऊल ठेवून मागे आणले. ते सारे होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

दोन्ही बोटी झेंड्यांबाहेर आल्यावर भाऊ पुटपुटला, की सगळेच नेतात, मी नाही नेले तर माझ्या बोटीत बसणार कोण? ताईने वाद घातला नाही. तिने मला त्याच्या हातात दिले.

"बघ," ती म्हणाली.

सुरय परतत होते. तो नकळत बाबांसारखा ओठांतल्या ओठांत मोजू लागला. मग थांबला. एक सुरय पोट भिजवून आली होती. तिच्या अंड्यांच्या जागी बुटाचा ठसा होता. ती त्याच्याभोवती फिरली आणि ओली पिसे पसरून त्या ठशावरच बसली.

"ताई, हिच्याखाली काही नाहीये गं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून भाऊ झेंड्यांपाशी इंजिन बंद करतो आणि प्रवाशांच्या हाती मला देतो. बाकीच्या बोटी मात्र अजून आत जातात. यंदा बेटावर घरटी कमी आहेत. इंजिनाची घरघर ऐकली की माझी पाचावर धारण बसते.

मित्रांनो, तुम्ही सरोवरावर आलात, तर झेंड्यांच्या अलीकडेच थांबा. माझी बुरशी पुसा आणि मला डोळ्यांना लावा. पक्ष्याला जवळ आणायचे काम माझ्यावर सोडा.