चिमाच्या दाढेची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. डोक्यावर कधी मिरवले नाही. मी बसले ती सात वर्षांच्या चिमाच्या दुधाच्या दाढेवर. पोलादाची, नखाएवढी, लख्ख!

साल चौऱ्याऐंशी. चिमाची दाढ किडीने पोखरली होती. देवरूखकडून एस.टी.ने तिला रत्नागिरीच्या दवाखान्यात आणून तिची आई दमयंती म्हणाली, "उपटून टाका, बाई. पडायचाच तर दात हाय."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, अजून चार वर्षं ही दाढ राहायला हवी. नाहीतर शेजारचे दात सरकतील, खालून येणारीला जागाच उरणार नाही."

मग कीड कोरली, माझ्या कडा कातरल्या, आत सिमेंट भरून मला दाबून बसवलं. "चिकट खायचं नाही हं!"

सांगितलं कुणाला? चिमाला! मी तिची पेज सोसली, भाकरी दळली, पण आंबापोळी? ऐन वैशाखात तिने मला सिमेंटसकट ओढून काढलं. दाढ उघडी पडली.

पुढचं सांगताना अजून संताप होतो. चिमाचे काका धोंडू. कोयत्याची मूठ निघो, छत्रीची दांडी मोडो, त्यांच्याकडे औषध एकच: फणसाचा चीक. काठीला गुंडाळलेला चीक त्यांनी दिव्यावर ऊन केला, माझ्यात भरला आणि मला बसवलं. उलटी, मागची बाजू पुढे!

"भावोजी, ती काय कोयत्याची मूठ हाय?" दमयंती ओरडली.

"गप गो. मानूस चिकटला तरी सुटायचा नाय!"

तिसऱ्या दिवशी चिमाचा गाल फुगला. पुन्हा एस.टी., पुन्हा दवाखाना.

"हे काय लावलंय?"

"चीक हाय, फनसाचा," दमयंती मान खाली घालून म्हणाली.

"सिस्टर, खोबरेल आणा!" डॉक्टरीणबाई मला चिमट्यात धरून तेलाने चीक पुसत पुटपुटल्या, "आणखी दोन दिवस गेले असते, तर दाढ काढावीच लागली असती."

दाढ वाचली. गालाची सूज उतरल्यावर मी पुन्हा बसले, या वेळी सुलटी. चार वर्षं हलले नाही.

मग दाढ आपल्या वेळेला पडली. काकांनी ती शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर भिरकावली. माझ्यासकट! मला काढून ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

असो. पावसाने शेण धुऊन गेलं, आता इथून अंगण दिसतं. चिमा हसते, तेव्हा तिची नवी दाढ दिसते. सरळ, आपल्या जागी. पण बया जेवते आणि चूळ न भरताच शाळेला पळते! मित्रांनो, ती दाढ गेली, तर तिच्या जागी आता दुसरी यायची नाही. तुम्ही तरी तिला हाक मारा. माझा आवाज खाली पोचत नाही.