निवेस कानेपाच्या फ्रॉकची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना टेनिसचा फ्रॉक आहे, आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की त्यांचा सूर रडका असतो. आम्हाला कुणी विचारत नाही, अडगळीत टाकलं, धूळ बसली, वगैरे. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. मला फार विचारलं गेलं. साठ वर्षं लोक माझ्याविषयी बोलत आले, माझे फोटो छापत आले, आणि ज्या मुलीच्या अंगावर मी होतो तिचा खेळ मात्र कुणी धड पाहिला नाही. आज मी जेनोवा शहरातल्या एका संग्रहालयात काचेच्या कपाटात उभा आहे. लोक येतात, माझ्या चुण्या बघतात, ‘अगं बाई, किती गोड’ म्हणतात आणि पुढे जातात. अशा वेळी काच फोडून बाहेर यावंसं वाटतं.

माझा जन्म याच शहरात, बंदराकडे उतरणाऱ्या एका अरुंद गल्लीत झाला. खाली मासळीचं दुकान आणि वर देल्फिना मावशीचं शिवणकामाचं दुकान. मावशी लग्नाचे पोशाख शिवायची आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. निवेस कानेपा ही तिच्या बहिणीची मुलगी. वडील औषधविक्रेते, घर खाऊनपिऊन सुखी, मुलगी टेनिसवेडी. तिला नटायला आवडायचं हे मी लपवणार नाही. माझं चित्र तिने स्वतः काढलं होतं. पण नटायला आवडणारी बाई खेळायलाही तितकीच चांगली असू शकते, ही साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात का शिरत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

क्लबचा नियम असा होता की अंगावर पांढऱ्याशिवाय रंग नको. निवेसला तर लिंबासारखा पिवळा हवा होता. मावशीने माझा घेर पांढऱ्या सुती कापडाचा केला आणि प्रत्येक चुणीच्या आतल्या अंगाला पिवळं रेशीम लावलं. निवेस उभी राहिली की मी पांढरा, ती धावली की पिवळा. क्लबच्या लोकांनी कुरकुर केली तेव्हा मावशी म्हणाली, की नियम उभ्या बाईसाठी केलेला दिसतो, धावणाऱ्या बाईचा विचार त्यात कुणी केलेला नाही. 

शिंपी माप घेताना गिऱ्हाइकाला सरळ उभं राहायला सांगतो. मावशीने निवेसला रॅकेट घेऊन यायला सांगितलं होतं. त्या एवढ्याशा खोलीत, लग्नाच्या झग्यांच्या गर्दीत, तिने तिला सर्व्हिस करायला लावली.

“हात वर कर. आणखी वर. सर्व्हिस करतेस की बसला हात दाखवतेस?”

“मावशी, दिवा फुटेल.”

“दिवा फुटला तर दुसरा आणू. शिवण उसवली तर मी गल्लीत तोंड दाखवू कुठे?”

दिवा फुटला. शिवणही उसवली. मग मावशीने माझ्या दोन्ही बगलांत चौबगले, कापडाचे चौकोनी तुकडे, घातले, म्हणजे हात कितीही ताणला तरी कापड ओढ घेणार नाही. मित्रांनो, माझ्या अंगात सगळ्यांत मोलाची वस्तू कुठली असेल तर ते दोन चौबगले. त्यांचा फोटो आजपर्यंत एकानेही काढलेला नाही. मी दिसण्यासाठी नव्हे, खेळण्यासाठी शिवला गेलो होतो, एवढंच मला सांगायचं आहे.

पहिल्या दिवसापासून माझं कौतुक सुरू झालं. फोटोवाले मैदानाच्या कडेला पोटावर झोपून पिवळं रेशीम कधी दिसतं याची वाट बघत बसायचे. सुरुवातीला मलाही गंमत वाटली. कुणाला वाटणार नाही? पण निवेस सामने जिंकत गेली आणि छापून येत गेल्या माझ्या चुण्या. तिचा लॉब अप्रतिम होता. समोरची मुलगी जाळ्याजवळ आली की निवेस तिच्या डोक्यावरून असा चेंडू उडवायची की तो अगदी मागच्या रेषेजवळ येऊन टेकायचा. त्यासाठी तिने क्लबच्या मागच्या मैदानावर दोन बांबूंना दोरी बांधून तिच्यावर चादरी वाळत घातल्या होत्या आणि रोज त्या चादरींवरून चेंडू मारायची. याबद्दल तिला एकाही पत्रकाराने विचारलं नाही. ती फ्रॉक कुठल्या साबणाने धुते, हे मात्र अनेकांनी विचारलं.

मग क्लबने भरवलेल्या मोठ्या स्पर्धेत ती अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. समोर स्वीडनची ब्रिता होती, उंच, शांत आणि मनगटात भलतीच ताकद असलेली. रविवार होता. दुपारचं चांगलं ऊन पुरुषांच्या सामन्यासाठी राखून ठेवलेलं, म्हणून बायकांचा सामना सकाळी अकराला लावला होता. त्यात क्लबच्या अध्यक्षांचं स्वागताचं भाषण लांबलं आणि खेळ सुरू व्हायला बारा वाजले. पहिला सेट निवेस एक-सहा असा हरली. पाय जड, डोळ्यांवर ऊन, काही म्हणता काही जमेना.

आणि एक वाजत आला. रविवारी एक वाजता जेनोवातल्या घराघरांत चुलीवर पाणी उकळत असतं आणि आई दाराकडे डोळे लावून बसलेली असते. त्या जेवणाला उशीर करण्यापेक्षा माणूस लग्नाला उशीर करील. लोक उठू लागले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, निरोप घेताना ते निवेसकडे बघून प्रेमाने हातसुद्धा हलवत होते. थोड्या वेळाने रेषांवर बसलेले पंचही मनगटावरचं घड्याळ दाखवत एकेक करून सटकले. मुख्य पंच तेवढे उंच खुर्चीत राहिले, तेही नाइलाजाने.

सचित्र साप्ताहिकाचे संपादक अत्तिलिओ बोन्फांते आपल्या फोटोवाल्याला घेऊन निघाले, तेव्हा वाटेत मावशी बसली होती.

“हरली बिचारी,” ते म्हणाले. “पण दिसली काय सुंदर.”

“अजून संपलं नाहीये,” मावशी म्हणाली.

“बाई, माझ्या आईने राव्हिओली केलीय. ती थांबणार आहे का?”

ते गेले. त्यांच्याकडे माझा फोटो होता, बाकी त्यांना काय करायचं होतं?

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते मी सांगितलं नाही तर कोण सांगणार? रिकाम्या खुर्च्यांपुढे निवेस असं खेळली की माझा धागा न् धागा घामाने भिजला. दुसरा सेट तिने आठ-सहा असा घेतला. तिसऱ्यात दोघींपैकी कुणीच मागे हटेना. रेषेवर पंच नव्हते म्हणून चेंडू आत पडला की बाहेर, ते दोघी आपणच सांगत होत्या आणि एकदाही त्यांचा वाद झाला नाही. निवेस आठ-सात अशी पुढे गेली आणि एकच गुण हवा होता. ब्रिताने जाळ्यापलीकडे हळूच चेंडू टाकला. निवेस घसरत गेली, दोन्ही गुडघ्यांवर पडली आणि पडता पडता तिने चेंडू उचलला. तो उंच, उंच गेला. ब्रिता मागे धावली, पण पोहोचली नाही.

चेंडू मागच्या रेषेपाशी पडला होता. पंचांना एवढ्या लांबून काही दिसलं नव्हतं. लाल मातीच्या मैदानावर चेंडू पडल्याची खूण राहते, ती बघायला ब्रिता चालत गेली. खाली वाकली. ‘बाहेर’ म्हणाली असती तर हटकायला मैदानावर कुणी नव्हतं. तिने त्या खुणेभोवती बोटाने गोल काढला, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “आत.”

टाळ्या वाजवायला दोघं होते, मावशी आणि क्लबमधला खुर्च्या आवरणारा वाढपी. निवेस तिथेच मातीत बसून हसत होती, रडत होती. माझी पुढची झालर लाल मातीने माखली होती. मी इतका देखणा आधी कधी दिसलो नव्हतो, पण तेव्हा बघायला फोटोवाला नव्हता.

गुरुवारी साप्ताहिक आलं. पानभर मी होतो, आणि खाली लिहिलं होतं, ‘इतकी सुंदर हार या शहराने कधी पाहिली नव्हती.’

निवेस तडक त्यांच्या कचेरीत गेली. तिथून आली ती थेट मावशीच्या दुकानात. मी तेव्हा इस्त्रीच्या टेबलावर पसरलेला होतो, म्हणून सगळं ऐकलं. संपादकांनी तिला फुलं दिली होती, खुर्ची दिली होती आणि पुढचा फ्रॉक कुठल्या रंगाचा, असं विचारलं होतं. ‘सिन्योरिना, रागावू नका,’ ते म्हणाले होते, ‘जिंकणाऱ्या मुली दर वर्षी असतात. असा फ्रॉक दर वर्षी नसतो.’ मावशीने इस्त्री खाली ठेवली आणि त्या संपादकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग ती ओलं फडकं घेऊन माझ्या झालरीवरची माती काढायला लागली.

“नको,” निवेस म्हणाली. “राहू दे.”

“अगं, डाग आहे तो.”

“त्यांनी छापलं नाही. इथे तरी राहू दे.”

पुढे साप्ताहिकाने दुरुस्ती छापली. दोन ओळी, भरल्या दोडक्याच्या कृतीखाली. ती कुणी वाचली असेल तर दोडके करणाऱ्यांनी.

निवेस पुढेही पुष्कळ वर्षं खेळली. लोकांना दर वेळी नवा फ्रॉक हवा असायचा, ती साध्या कपड्यांत आली की त्यांची तोंडं पडायची. मला तिने लव्हेंडरच्या पुरचुंड्या घालून पेटीत ठेवलं. मावशी गेली. निवेस म्हातारी होत गेली आणि क्लबच्या मुलींना चादरींवरून चेंडू मारायला शिकवत राहिली. पेटीत मला मुळीच वाईट वाटलं नाही. माती माझ्या अंगावर होती आणि आम्हा दोघांना खरं काय ते ठाऊक होतं.

मग संग्रहालयाच्या ओर्सोला बाई आल्या. शहराच्या फॅशनचं दालन उघडायचं होतं. निवेसने एका अटीवर मला दिलं, झालरीवरच्या मातीला हात लावायचा नाही. ओर्सोला बाईंनी मान डोलावली. त्या वाईट नव्हत्या. पण या शहरात माणूस कोपऱ्यावर पाव आणायला जाताना जोडे पुसून जातो, पाहुण्यांसमोर मळकं काही मांडणं म्हणजे घराण्याची अब्रू गेली. उद्घाटनाला नगराध्यक्ष येणार म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. मला नेलं, औषधात बुडवलं, मऊ कुंचल्याने घासलं. मी ओरडू शकलो असतो तर इमारत हादरली असती.

उद्घाटनाच्या दिवशी निवेस काठी टेकत आली. सगळ्यांनी वाट करून दिली. ती माझ्यापुढे उभी राहिली आणि काचेवरची पाटी तिने मोठ्याने वाचली. “या फ्रॉकमध्ये निवेस कानेपा अंतिम सामना हरल्या, पण शहराचं मन जिंकून गेल्या.” पाटी लिहिणाऱ्यांनी जुना फोटो आणि त्याखालचा मजकूर तेवढा पाहिला होता. मग तिची नजर माझ्या झालरीवर गेली.

“माती कुठे गेली?”

“काढली ना, सिन्योरा,” ओर्सोला बाई कौतुकाने म्हणाल्या. “होती हे आता कळणारसुद्धा नाही.”

“हो,” निवेस म्हणाली. “आता कळणारच नाही.”

तिला ध्वनिक्षेपकापुढे नेलं. एका पत्रकाराने विचारलं, इतकं सुरेख रेशीम कुठून मिळवलं होतं?

“एक-सहा,” निवेस म्हणाली.

लोक हसले. म्हातारीला ऐकू कमी येतं, असं त्यांना वाटलं. दुसऱ्याने आवाज चढवून विचारलं, आतून पिवळा लावायची कल्पना कुणाची?

“आठ-सहा.”

आता हसणारे कमी होते. नगराध्यक्षांनी अगदी गोड आवाजात विचारलं, हा फ्रॉक आज पुन्हा अंगावर घालावासा वाटतो का?

“नऊ-सात.”

ओर्सोला बाईंचा चेहरा उतरला होता. त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे सिन्योरा, तुम्ही जिंकला होतात?”

निवेस त्यांच्याकडे वळली. “बाळ,” ती म्हणाली, “हे मला विचारणारी तू पहिली.”

पाटी बदलली. आता तीवर तिन्ही सेटचे आकडे आहेत, ब्रिताचं नावही आहे. माती मात्र परत येणार नाही, आणि त्याचा राग मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. मला थोडं कमी जपलंत तरी चालेल. पण तुमच्या वर्गातली एखादी मुलगी खेळून परत आली, तर तिने काय घातलं होतं ते नंतर बघा. आधी विचारा, जिंकलीस का? आणि ती हरले म्हणाली, तर तिथेच थांबू नका. खाली बसा आणि कशी खेळलीस, ते सगळं पहिल्यापासून सांग, म्हणा.